आधी मनाई, मग परवानगी : सेल्माचा मोर्चा आणि न्यायाधीश फ्रँक जॉन्सन

८ मार्च १९६५, सोमवार. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या राजधानीत, माँटगोमेरीच्या फेडरल कोर्टात एक तातडीचा अर्ज दाखल झाला. आदल्याच दिवशी सेल्मा गावात एडमंड पेटस पुलाच्या पलीकडच्या टोकाला मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सुमारे सहाशे निःशस्त्र, बहुतेक कृष्णवर्णीय, माणसांवर राज्य पोलीस तुटून पडले होते. लाठ्या, अश्रुधूर आणि शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाच्या, टोळीतले घोडेस्वार. पंचवीस वर्षांच्या जॉन लुईसच्या कवटीला तडा गेला. अमेलिया बॉइन्टन रस्त्यावर बेशुद्ध पडल्या. त्या रात्री एका टीव्ही वाहिनीने चालू सिनेमा मध्येच थांबवून हे चित्रण दाखवलं आणि देशभरातल्या लोकांनी ते घरात बसून पाहिलं.

अर्जदारांचं म्हणणं सरळ होतं. मतदार नोंदणीत आमची अडवणूक होते, तिचं गाऱ्हाणं घेऊन आम्हाला सेल्माहून माँटगोमेरीपर्यंत चालत जायचं आहे. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस, राज्य पोलीसप्रमुख अल लिंगो आणि शेरीफ जिम क्लार्क यांना आमच्या वाटेत येण्यापासून रोखा. आणि हुकूम आजच द्या, समोरच्याला ऐकत बसू नका.

न्यायाधीश फ्रँक मायनिस जॉन्सन यांनी तसा हुकूम दिला नाही. सुनावणी गुरुवारी ठेवली. इतकंच करून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण मंगळवारी सकाळी त्यांनी उलटाच मनाई हुकूम काढला. सुनावणी पुरी होईपर्यंत मोर्चा काढायचा नाही. म्हणजे रविवारी मार खाल्ला त्यांनाच मंगळवारी कोर्टाने थांबवलं. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतल्या लोकांचा संताप झाला, आणि त्यात नवल काही नाही.

पुढच्या आठवड्यात, १७ मार्चला, याच न्यायाधीशांनी मोर्चाला परवानगी दिली. नुसती परवानगी नाही. गव्हर्नरने मोर्चाला संरक्षण द्यावं असा आदेशही दिला. या प्रकरणावर लिहिताना बहुतेक जण दुसऱ्या हुकुमाचं कौतुक करतात आणि पहिला सावरून घेतात, किंवा त्याबद्दल गप्प बसतात. मला मात्र वाटतं की दुसरा हुकूम वॉलेसला मोडता आला नाही, याचं अर्धं श्रेय पहिल्या हुकुमाला आहे. ते कसं, हे कळायला आधी माणूस बघावा लागेल.

विन्स्टन काउंटीचा पोरगा

अमेरिकेत फेडरल डिस्ट्रिक्ट जज म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा न्यायाधीशासारखं पद नव्हे. देशाच्या कायद्यांचे आणि राज्यघटनेचे खटले मुळात याच्यासमोर चालतात. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट तिला मान्यता देतं, आणि त्यानंतर माणूस तहहयात खुर्चीवर. महाभियोगाशिवाय त्याला कुणी हलवू शकत नाही आणि त्याचा पगारही कुणाला कापता येत नाही. राज्यांचे न्यायाधीश बऱ्याच ठिकाणी निवडून येतात, म्हणजे पुन्हा त्याच गोऱ्या मतदारांपुढे हात जोडायला जातात. १९६५ सालच्या अलाबामात हा फरक किती मोठा होता ते वेगळं सांगायला नको.

जॉन्सन यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९१८ चा, अलाबामाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ विन्स्टन काउंटीतला. (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा.) या काउंटीचा इतिहास मजेशीर आहे. १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या तोंडावर, राज्य संघराज्यातून फुटून निघालं तेव्हा विन्स्टनच्या प्रतिनिधीने त्या ठरावावर सही केली नाही. मोठे मळे नव्हते, गुलाम थोडे होते, श्रीमंत मळेवाल्यांसाठी आपण का मरायचं, असा तिथल्या शेतकऱ्यांचा सवाल. ‘फ्री स्टेट ऑफ विन्स्टन’ हे नाव तेव्हापासून चिकटलं. उरलेलं अलाबामा शंभर वर्षं डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुठीत राहिलं, पण विन्स्टन रिपब्लिकन. जॉन्सन यांचे वडीलही रिपब्लिकन, आणि काही काळ राज्याच्या विधिमंडळातले त्या पक्षाचे एकुलते एक सदस्य. दक्षिणेत जन्मून दक्षिणेच्या बहुमताबाहेर राहायची सवय मुलाला घरातूनच लागली असणार.

अलाबामा विद्यापीठात कायदा शिकताना त्यांचा एक दोस्त होता, जॉर्ज वॉलेस. पदवी १९४३ ची. मग सैन्य, नॉर्मंडीची लढाई, जखमा, पदक. परत आल्यावर जॅस्पर गावात वकिली. १९५३ मध्ये उत्तर अलाबामाचे फेडरल सरकारी वकील झाले आणि मळ्यावर कृष्णवर्णीय मजुरांना वेठीला धरणाऱ्या गोऱ्या मालकांवर खटला चालवून त्यांना शिक्षा मिळवून दिली. १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना माँटगोमेरीच्या कोर्टावर नेमलं. वय ३७.

खुर्चीवर बसून महिना-दीड महिना झाला नाही तोच गोऱ्या प्रवाशाला जागा दिली नाही म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना बसमध्ये अटक झाली. कृष्णवर्णीयांचा बसवर बहिष्कार सुरू झाला. फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने बसमधल्या वेगळ्या आसनांच्या कायद्यालाच आव्हान दिलं. त्या दाव्यात रोझा पार्क्स नव्हत्या. ऑरेलिया ब्राउडर आणि इतर तिघी होत्या. तीन न्यायाधीशांच्या पीठाने जून १९५६ मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल दिला : कायदा घटनाबाह्य. त्या दोघांतले एक जॉन्सन. पुढे कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेने त्यांच्या अंगणात क्रूस जाळला. चर्चमध्ये, गोल्फ क्लबात माणसं तोंड फिरवू लागली. पाण्यात राहून माशाशी वैर घेतलेलंच होतं, आणि मोकळ्या वेळात ते लाकूडकामात रमू लागले.

त्यांना पहिल्यापासून नायक करून टाकायचा मोह होतो, तर एक नोंद इथेच केलेली बरी. टस्कीगी शहराची हद्द राज्याने अशी अठ्ठावीस बाजूंनी वेडीवाकडी कापली होती की जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार हद्दीबाहेर पडले. तो दावा जॉन्सन यांच्यापुढे आला आणि त्यांनी फेटाळला. शहराची हद्द ठरवणं हा राज्याचा अधिकार, त्यात कोर्टाला शिरता येत नाही, असं तोवरचे निकाल सांगत होते आणि ते त्यांनी पाळले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना एकमताने उलटवलं. म्हणजे माणूस कायद्याच्या चौकटीला घट्ट धरून चालणारा. ९ मार्चची मनाई याच स्वभावातून आली.

वॉलेसची रात्रीची भेट

वॉलेस १९५८ ची गव्हर्नरपदाची निवडणूक हरले, कारण प्रतिस्पर्धी वंशभेदाच्या बाबतीत त्यांच्याहून कडवा ठरला. तेव्हा ते राज्याच्या एका कोर्टाचे न्यायाधीश होते. केंद्राच्या नागरी हक्क आयोगाने दोन काउंट्यांची मतदार नोंदणीची दप्तरं मागितली. वॉलेसनी ती ताब्यात घेतली आणि जाहीर केलं की देणार नाही. जॉन्सन यांनी हुकूम दिला : द्या.

जॉन्सन यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी, की वॉलेस एका रात्री गुपचूप त्यांच्या घरी आले. जुनी दोस्ती. म्हणणं असं, की मला कोर्टाच्या अवमानासाठी थोडे दिवस तुरुंगात टाक, राजकारणात फायदा होईल. फार दिवस मात्र नको. जॉन्सन म्हणाले, हुकूम मोडलास तर थोडे दिवस नव्हे, जास्तीत जास्त जितके देता येतील तितके देईन. वॉलेसनी मग एक युक्ती केली. दप्तरं स्वतः न देता ग्रँड ज्यूरीकडे, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडे, सोपवली, आणि ग्रँड ज्यूरीने ती आयोगाला दाखवली. बाहेर मात्र आपण केंद्राला धूळ चारली अशी फुशारकी. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी त्यांना अवमानातून मोकळं केलं आणि निकालपत्रात लिहिलं की या गृहस्थांनी आडमार्गाने का होईना, हुकूम पाळला आहे. हुतात्मा व्हायला निघालेल्या माणसाला कोर्टाने ‘तू आज्ञाधारक आहेस’ असं प्रमाणपत्र दिलं. वॉलेस पुढे प्रचारसभांत जॉन्सन यांना खोटारडा, घरभेदी, वंशमिश्रण करणारा अशा शिव्या घालत राहिले, आणि १९६२ मध्ये त्या जोरावर निवडूनही आले.

आणखी एक प्रसंग. मे १९६१ मध्ये फ्रीडम रायडर्सची, म्हणजे आंतरराज्य बसप्रवासातला वंशभेद मोडायला निघालेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या कार्यकर्त्यांची, बस माँटगोमेरीच्या ग्रेहाउंड स्थानकात शिरली आणि जमावाने त्यांना झोडपलं, पोलीस गायब. हे स्थानक फेडरल कोर्टाच्या इमारतीला लागूनच आहे. केंद्राच्या न्याय विभागाचे जॉन डोअर कोर्टाच्या इमारतीतूनच हा मारहाणीचा प्रकार फोनवर वॉशिंग्टनला सांगत होते. जॉन्सन यांनी क्लॅनला मनाई केली, शहराच्या पोलिसांना संरक्षणाचं कर्तव्य बजावायला लावलं, आणि त्याच वेळी रायडर्सनाही तात्पुरतं थांबवलं. दोन्हीकडच्यांना आधी जागच्या जागी उभं करायचं आणि मग ऐकायचं, ही पद्धत सेल्माच्या चार वर्षं आधीची आहे.

दावा माँटगोमेरीत का?

ही बाब तांत्रिक वाटते, पण इथेच निम्मी लढाई झाली. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत येतं, ती माँटगोमेरीच्या फेडरल कोर्टाच्या हद्दीत नाही. ती दक्षिण अलाबामाच्या कोर्टाकडे, म्हणजे मोबाईल शहरातल्या न्यायाधीश डॅनियल थॉमस यांच्याकडे. मतदार नोंदणीचे दावे तिथे कासवाच्या गतीने चालत. या काउंटीत मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय सुमारे १५,०००, आणि यादीत नावं साडेतीनशेच्या आत. शेजारच्या लाउन्ड्स काउंटीत तर १९६५ च्या सुरुवातीला यादीत एकही कृष्णवर्णीय नव्हता.

पण मोर्चाची वाट यू. एस. ८० या महामार्गाने लाउन्ड्स काउंटीतून माँटगोमेरीकडे जात होती, आणि हा सारा पट्टा जॉन्सन यांच्या हद्दीतला. गव्हर्नरही तिथलेच. वकिलांनी मोर्चाचं शेवटचं टोक धरून दावा लावला. होझिया विल्यम्स, जॉन लुईस आणि अमेलिया बॉइन्टन वादी. ‘विल्यम्स विरुद्ध वॉलेस’ हे प्रकरणाचं नाव. वकील फ्रेड ग्रे, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी बसचा दावा आणणारेच, आणि त्यांच्या जोडीला जॅक ग्रीनबर्ग यांच्यासारखे न्यूयॉर्कचे वकील. केंद्र सरकारही वादींच्या बाजूने दाव्यात सामील झालं.

मंगळवार

मनाई आली तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. त्यांच्या हाकेला ओ देऊन देशभरातून ख्रिस्ती पाद्री, ज्यू धर्मगुरू आणि नन सेल्मात उतरल्या होत्या. न निघावं तर चळवळ थंडावणार, तरुण कार्यकर्ते हातचे जाणार. निघावं तर फेडरल कोर्टाचा हुकूम मोडणार. आणि दक्षिणेत चळवळीच्या बाजूने उभी राहणारी संस्था कुठली, तर फेडरल कोर्टच. गव्हर्नर कोर्टाचं ऐकत नाहीत असं म्हणायचं आणि आपणही ऐकायचं नाही, हे जमणार कसं?

अध्यक्षांचे दूत लेरॉय कॉलिन्स यांनी मधला तोडगा काढला. मोर्चा पुलापर्यंत जाईल, पलीकडे पोलिसांची रांग दिसली की थांबेल, प्रार्थना करेल आणि परत फिरेल. दुपारी सुमारे दोन हजार लोक निघाले. बहुतेकांना या ठरावाची गंधवार्ता नव्हती. पूल ओलांडला, गुडघे टेकले, प्रार्थना झाली. आणि तेवढ्यात पोलिसांनी अचानक रस्ता मोकळा केला. राजधानीपर्यंतची वाट समोर उघडी. हा सापळा होता असं मला वाटतं : किंग पुढे गेले तर कोर्टाचा अवमान, मागे फिरले तर स्वतःच्या माणसांसमोर नाचक्की. किंग मागे फिरले. स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी या चळवळीतल्या विद्यार्थी संघटनेचे तरुण त्या दिवसाला कडवटपणे ‘टर्नअराउंड ट्यूजडे’, म्हणजे माघारी फिरण्याचा मंगळवार, म्हणू लागले.

आणि त्याच रात्री सेल्मात बॉस्टनहून आलेले गोरे पाद्री जेम्स रीब यांच्या डोक्यात गोऱ्या गुंडांनी दांडका घातला. गुरुवारी ते गेले. मोर्चा थांबवल्याने हिंसा टळते असा हिशेब कुणी मांडला असेल, तर तो त्या रात्रीच चुकला होता. जॉन्सन यांच्या मनाईचं समर्थन त्या मुद्द्यावर करता येत नाही. ते पुरावा या मुद्द्यावरच करावं लागतं.

चार दिवसांचा पुरावा

गुरुवारी, ११ मार्चला, साक्षी सुरू झाल्या. जॉन्सन यांनी पहिला हात घातला तो किंग यांनाच : मंगळवारी तुम्ही माझा हुकूम मोडलात का? किंग यांनी सांगितलं की माँटगोमेरीपर्यंत जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. उत्तर चळवळीत अवघडल्यासारखं ऐकलं गेलं, कारण आता सगळ्यांनाच कळलं की मंगळवारचा मोर्चा आधीपासून ठरवून परतला होता. पण कोर्टापुरतं ते पुरेसं होतं. अवमान झाला नाही. यापुढे गव्हर्नरच्या वकिलांना ‘हे लोक कायदा मानत नाहीत’ हा मुद्दा काढायला जागाच राहिली नाही.

मग लुईस साक्षीला उभे राहिले. रविवारचं टीव्हीचं चित्रण कोर्टात पडद्यावर दाखवलं गेलं. लुईस यांनी पुढे सांगितलं आहे की दिवे लागल्यावर जॉन्सन काही न बोलता उठले आणि थोडा वेळ कामकाज थांबलं. पुलावरच्या मारहाणीआधीचे महिनेही नोंदीवर आले : नोंदणी कचेरीसमोरच्या रांगा, घाऊक अटका, फेब्रुवारीत शेरीफच्या माणसांनी गुरं हाकायचे विजेचे दांडके लावत गावाबाहेर पळवलेली शाळकरी पोरं. सोमवारच्या अर्जावर एकतर्फी हुकूम निघाला असता तर यातलं काहीच नोंदीवर नसतं. अपिलात तो हुकूम एका रागावलेल्या न्यायाधीशाचा ठरला असता, आणि वॉलेसना हवं होतं ते नेमकं हेच.

आणि जॉन्सन यांनी वादींकडे एक गोष्ट मागितली, जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत हुशारीची वाटते. मोर्चाचा आराखडा द्या. हक्क हक्क म्हणता, पण पाच दिवस चालणार कसे? वकिलांनी लेखी आराखडा दिला : रोज किती मैल, मुक्काम कुणाच्या शेतात आणि त्या शेतमालकाची परवानगी, जेवण, पाणी, दवाखान्याची गाडी, फिरते संडास, मागचा कचरा उचलायला ट्रक. महामार्ग चौपदरी आहे तिथे कितीही लोक; दुपदरी आहे तिथे तीनशेच्या वर नाही. हा आराखडा निकालपत्राला जोडला गेला. ‘रस्ता अडेल, वाहतूक कोलमडेल’ हा राज्याचा सगळ्यात जड आक्षेप होता, आणि तो संडास-कचऱ्याच्या तपशिलानेच हलका केला.

सतरा मार्च

निकालपत्रातलं सूत्र असं : रस्त्यावरून शांततेने चालत जाऊन गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क किती, हे ज्या अन्यायाविरुद्ध गाऱ्हाणं आहे त्याच्या आकारमानावरून ठरलं पाहिजे. या प्रकरणातला अन्याय प्रचंड आहे. तेव्हा हक्कही त्याच मानाने मोजावा. पुढे जॉन्सन यांनी स्वतःच मान्य केलं की हा आराखडा घटनेने परवानगी देता येण्याच्या अगदी शेवटच्या हद्दीपर्यंत जातो. मोर्चा १९ मार्चच्या आधी नको आणि २२ च्या नंतर सुरू व्हायला नको.

सूत्र ऐकायला भारी आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र अडचणीचं. अन्याय किती मोठा हे मोजणार कोण? न्यायाधीशच. मग उद्या दुसऱ्या गटाने येऊन आपला अन्याय अधिक मोठा आहे म्हटलं, तर कोर्ट गाऱ्हाण्यांचा तराजू घेऊन बसणार? सभा-मोर्चांच्या बाबतीत सरकारने आणि कोर्टाने मजकुराकडे पाहू नये, फक्त वेळ, जागा आणि पद्धत पाहावी, हा अमेरिकेतला रुळलेला नियम. जॉन्सन यांचं सूत्र त्याच्याशी फटकून आहे, आणि पुढच्या निकालांत ते फारसं रुजलंही नाही. माझ्या मते त्यांची खरी भिस्त सूत्रावर नव्हतीच. चार दिवसांच्या नोंदीवर आणि त्या आराखड्यावर होती. सूत्र काढून टाकलं तरी हुकूम उभा राहतो.

दुसरी खटकणारी गोष्ट फोनची. सही करण्याआधी जॉन्सन यांनी केंद्राच्या न्याय विभागाचे प्रमुख, अॅटर्नी जनरल निकोलस कॅट्झेनबाख यांच्याकडून फोनवर खात्री करून घेतली की हुकुमाची अंमलबजावणी राष्ट्राध्यक्ष करतील. (राष्ट्राध्यक्षही जॉन्सन, लिंडन जॉन्सन. या प्रकरणात दोन जॉन्सन असल्याने वाचणाऱ्याची पंचाईत होते.) दाव्यात जो पक्ष आहे त्याच्याशी न्यायाधीशाने परस्पर बोलावं का? एरवी नाही. पण कागदावरचा हुकूम काढून तीनशे माणसांना लाउन्ड्स काउंटीच्या रस्त्यावर सोडायचं आणि पाठीशी कुणीच नाही, हेही न्यायाधीशाने कसं करावं? मी या बाबतीत जॉन्सन यांना दोष देत नाही, पण ही गोष्ट झाकूही नये.

वॉलेसनी हात झटकले

१८ मार्चला वॉलेसनी विधिमंडळापुढे भाषण करून जॉन्सन यांच्या कोर्टाला नकली कोर्ट म्हटलं. अपील न्यायालयाने स्थगिती नाकारली. मग वॉलेसनी वॉशिंग्टनला कळवलं की मोर्चाला संरक्षण द्यायला राज्याकडे पैसा आणि माणसं नाहीत, केंद्राने बघावं. राज्याच्या हक्कांसाठी छाती पिटणारा गव्हर्नर राज्याचं पहिलं काम केंद्राच्या गळ्यात घालत होता. अध्यक्षांनी २० मार्चला अलाबामाचा नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्यदल, केंद्राच्या हुकमतीत घेतला आणि सैन्यही पाठवलं.

२१ मार्चला मोर्चा निघाला. ५४ मैल, मध्ये पाऊस, कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या रानात मुक्काम. २५ तारखेला राजधानीच्या पायऱ्यांसमोर सुमारे २५,००० लोक जमले. वाटेत मोर्चावर हल्ला झाला नाही.

हल्ला झाला तो मोर्चा संपल्यावर. डेट्रॉइटहून आलेल्या व्हायोला लिउझो त्या रात्री मोटारीने माणसांची ने-आण करत होत्या. त्याच महामार्गावर, लाउन्ड्स काउंटीत, क्लॅनच्या माणसांनी पाठलाग करून त्यांना गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांच्या गाडीत एफबीआयचा एक खबऱ्याही बसलेला होता. राज्याच्या कोर्टात पहिल्या खेपेला ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्या खेपेला आरोपी निर्दोष सुटला. मग केंद्राने १८७० च्या एका जुन्या कायद्याखाली तिघांवर नागरी हक्कांविरुद्ध कट केल्याचा खटला भरला, आणि तो आला जॉन्सन यांच्यासमोर. ज्यूरी सगळी गोरी. एकमत होत नाही असं तिने कळवलं. जॉन्सन यांनी परत आत पाठवलं. ३ डिसेंबर १९६५ रोजी तिघेही दोषी ठरले. जॉन्सन यांनी जास्तीत जास्त असलेली दहा वर्षांची शिक्षा सुनावली, आणि याहून वेगळा प्रामाणिक निकाल देणं शक्यच नव्हतं, असं ज्यूरीला सांगितलं.

दरम्यान ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायद्यावर सही झाली होती. जॉन्सन यांच्या घरी मात्र फेडरल मार्शलांचा पहारा चालूच राहिला. एप्रिल १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. लक्ष्य मुलगाच असावा. आई बचावल्या.

पुढची कारकीर्द

सेल्माचं सूत्र सभास्वातंत्र्याच्या कायद्यात रुजलं नाही असं वर म्हटलं, पण जॉन्सन यांच्या स्वतःच्या कोर्टात ते वेगळ्या रूपात टिकलं : अन्याय जितका खोल, उपाय तितका तपशीलवार. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण वायट विरुद्ध स्टिकनी. सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयातल्या नोकऱ्या कापल्या गेल्या आणि कामगारांनी दावा लावला. रिकी वायट हा तिथे डांबलेला पंधरा वर्षांचा मुलगा, नोकरी गेलेल्या एका बाईंचा भाचा, वादी झाला. रुग्ण पाच हजारांच्या घरात, उपचार नावापुरते. जॉन्सन यांनी १९७१ मध्ये म्हटलं की बरं करायच्या नावाखाली माणसाला डांबायचं तर उपचार हा त्याचा घटनात्मक हक्क आहे. पुढच्या वर्षी किमान मानकंच ठरवून दिली : आठ रुग्णांमागे एक संडास, पंधरांमागे एक न्हाणी, खोलीचं तापमान ६८ ते ८३ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान, अमुक रुग्णांमागे इतके डॉक्टर, इतक्या परिचारिका. १९७६ मध्ये राज्यातल्या तुरुंगांचं तसंच केलं. एका कैद्याला किमान साठ चौरस फूट. मोर्चाच्या आराखड्यातल्या फिरत्या संडासांची आठवण इथे होतेच.

वॉलेस पुन्हा ओरडले की हा माणूस राज्य चालवायला निघाला आहे. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. कोर्टाने संडास मोजावेत का, यावर अमेरिकेत आजही प्रामाणिक मतभेद आहेत. जॉन्सन यांचं उत्तर त्यांच्या एका लेखाच्या मथळ्यातच आहे : ‘अलाबामा पंटिंग सिंड्रोम’. अमेरिकन फुटबॉलमध्ये काही जमेनासं झालं की चेंडू लाथेने लांब समोरच्याकडे टोलवतात. अलाबामाचे राज्यकर्ते नावडत्या कामाचा चेंडू असाच फेडरल कोर्टाकडे टोलवतात, आणि मग कोर्टाने तो झेलला म्हणून बोंब मारतात. पैसे खर्च करायचे कोर्टाच्या हुकुमाने, मतं मिळवायची कोर्टाला शिव्या देऊन. २० मार्च १९६५ पूर्वी वॉलेसनी वॉशिंग्टनला जे कळवलं होतं ते याच खेळातलं.

१९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे संचालक करायचं ठरवलं, पण महाधमनीचा आजार निघाला आणि ते बारगळलं. १९७९ मध्ये ते अपील न्यायालयावर गेले, १९९५ मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. २३ जुलै १९९९ रोजी माँटगोमेरीत त्यांचं निधन झालं. तिथल्या कोर्टाच्या इमारतीला त्याआधीच त्यांचं नाव दिलं गेलं होतं. वायट खटला तेव्हाही चालूच होता. तो निकाली निघाला २००३ मध्ये.